काशिनाथ मापाड्याचं पांघरूण

हिंगोलीच्या आडतीत माल घेऊन आलेल्या माणसाला कोणताबी मापाडी आधी गाव विचारतो. आमचा काशिनाथ मापाडी आधी विचारायचा, "बापू, जुन्या लुगड्यांचं शिवलेलं पांघरूण अस्तं की न्हाई, त्याला तुमच्या घरी काय म्हणतात?" जवारीची पायली अर्धी भरलेली, मागं गाड्या तटलेल्या, आडत्या बोंबलून राहिला, अन् हा वर तोंड करून जवाबाची वाट बघतोय.

कोणी म्हणायचं वाकळ, कोणी गोधडी. बिदरकडचा एक म्हणला कवदी, तर ह्यानं त्याला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. एकदा रस्त्यात निजामाच्या पोलिसानं अडवलं. "किधर जा रहा?" ह्यानं उलट विचारलं, "जनाब, आपके घर में रजई को क्या बोलते?" पाठीत दंडा बसला. घरी आला तो हसत, मला म्हणला, "दादा, जाता जाता लिहाफ म्हणून गेला."

मी गाडीवान. हळदीच्या गाड्या हाकायचो. दोन बुकं शिकलो, ती बी विसरलो. मी म्हणायचो, "काश्या, लोकं पांघरतात अन् झोपतात. तू एकटाच विचारीत बसतोस."

"नावात गाव अस्तंय, दादा," हे त्याचं ठरलेलं. मग सुरू व्हायचा. "वाकळ म्हंजे वल्कल. रामानं वनवासात साल नेसली ना, तीच. सीतामाईनं टाके घातले. अन् गोधडी काहून? गोद म्हंजे मांडी. आईची मांडी सुटली की लेकराला गोधडी."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगाया पायजे?"

अन् तुझ्या घरी काय म्हणतात रे, असं विचारलं की टाळायचा. "ते सांगितलं तर समदे तेच म्हणतील. मला बरं वाटावं म्हणून."

इथवर हसण्यावारी होतं. पण तो माझा शेजारी, अन् माझी बायको गया वाकळा शिवण्यात नावाजलेली. दुपारी ती ओसरीवर सुई घेऊन बसली की हा पायरीवर हजर. माझ्याशी बोलताना तिचं तोंड म्हंजे चिपट्याचं बारकं माप: व्हय, न्हाई, जेवा. ह्याच्याशी बोलताना रास. मी बैल सोडताना आतून तिचं हसणं ऐकू यायचं. माझ्या कोणत्या गोष्टीला ती तशी हसली, ते मी लई आठवून पाहिलं.

"काय एवढं हसायला झालं?"

"काही न्हाई. काशीभाऊ लिहाफाचं सांगत व्हते."

ते मला बी सांगितलेलं होतं. मला हसू आलं नव्हतं.

एक दिवस मी घरी आलो तर काशिनाथ पायरीवर बसून डोळे पुसतोय अन् गया त्याला पाण्याचा तांब्या देतीये. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. तो उठून गेला. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणली, "काही न्हाई. जेवा."

त्या जेवणात मला चव लागली न्हाई. पुढं कितीक दिवस लागली न्हाई. तिनं नवी वाकळ शिवायला घेतली होती, तिच्या माहेरच्या हिरव्या लुगड्याची. बारीक, मुंगीच्या वाटेसारखे टाके. मी मनात म्हणलो, चला, ही तरी आपली. तिला विचारलं न्हाई.

मग तिला ताप भरला. हिंगोलीच्या हकिमाचं औषध झालं, अंगारा झाला. गया गेली.

वाकळ दांडीवर तशीच राहिली. एक कोपरा उघडा. आमच्याकडं तो कोपरा शिवायच्या आधी बाया आत भाकरीचा तुकडा घालतात. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोप लागत न्हाई म्हणतात.

तेराव्यानंतर काशिनाथ आला. दांडीकडं बघत उभा राहिला.

"दादा, ती वैनी माझ्यासाठी शिवत व्हत्या."

"तुझ्यासाठी काहून? तू कोण तिचा?"

तो खाली बसला. म्हणला, "मी मापाड्याचा पोरगा न्हाई. रेल्वेचे रूळ टाकायला देशोदेशीची माणसं आली व्हती, त्यात माझी आई व्हती. पटकीत गेली. मापाड्यानं मला उचलून आणलं. मला ना तिचं नाव ठाऊक, ना गाव. तिची भाषाबी विसरलो. थंडीत अंगावर घालताना ती एक शब्द म्हणायची, तेवढा ऱ्हायला. बोंत."

"मग?"

"वैनींच्या माहेरी, किनवटाकडं, शेजारी एक तेलंगी बाई व्हती. ती वाकळेला बोंत म्हणायची. तुम्ही मला रडताना पाहिलं, त्या दिवशी वैनींना बोलता बोलता ते आठवलं."

"मग जा की किनवटाच्या पल्याड. हुडक."

"तेलंगण केवढं, दादा. नावात गाव अस्तंय म्हणायचो. हा तर अख्खा मुलूख निघाला." मग म्हणला, "वैनी म्हणल्या, गाव न्हाई तर न्हाई, बोंत मी शिवून देते."

मी म्हणलो, "वाकळ माझ्या घरातली हाय. भेटणार न्हाई."

तो उठून गेला. मी ती वाकळ अंगावर घेऊन पडलो. उघड्या कोपऱ्यातून चिंध्या बाहेर येऊन राहिल्या. झोप आली न्हाई. उपाशी होती ना.

सकाळी चूल पेटवून भाकरी थापली. एका अंगानं करपली, दुसऱ्या अंगानं कच्ची. त्यातला बरा तुकडा आत घातला अन् पोतं शिवायच्या दाभणानं कोपरा बंद केला. तिचे टाके मुंगीचे, माझे म्हशीचे. नेऊन त्याच्या दारात टाकली अन् म्हणलो, "घे तुझी बोंत."

आता दुपारी मी त्याच्याकडं जातो. तो तीच हातरतो. मी वाकळ म्हणतो, तो बोंत म्हणतो, त्यावरून रोज भांडण. ती त्याच्याकडं ऱ्हाते याचा मला अजून राग येतो. पण बसताना तो माझ्या म्हशीच्या टाक्यांवर स्वतः बसतो अन् तिच्या टाक्यांची बाजू माझ्याकडं करतो. मला ते दिसतं. मी तसं दाखवत न्हाई.