सडाफटिंग गाडी

आमच्या शेजारच्या निमाकाकू सिटी बसमध्ये चढल्या, की तिकिटाआधी ड्रायव्हरची चौकशी करायच्या. "काय हो, घरी कोण कोण?"

एक घोटीकडचा होता. तो म्हणाला, "म्हातारी हाय, दोन पोरी हायेत." काकू निर्धास्त बसल्या. ज्याची घरी वाट बघतात तो गाडी जपूनच हाकतो, हा त्यांचा सिद्धांत. एकदा एक जण हसत म्हणाला, "कुणी नाय मावशी, एकटाच." काकू पायरीवरूनच माघारी. "सडाफटिंगाच्या गाडीत मी बसत नाही!" पुढची बस येईपर्यंत मीही त्यांच्याबरोबर उन्हात उभी, आणि ऑफिसात साहेबांचं तोंड वाकडं. उतरताना मात्र ड्रायव्हरला "येते हं" म्हटल्याशिवाय काकूंचा पाय खाली पडायचा नाही. दारावर भाजीवाला येत असताना ही बाई मेथीच्या जुडीसाठी रोज बसने द्वारका चौकातल्या बाजारात जायची.

मग आमच्या मार्गावर बिनड्रायव्हरची छोटी बस आली. कॉलनीत दोन तट पडले. शेजारचे पाटील म्हणाले, "यंत्राला झोप नाही, तंबाखू नाही, मोबाईल नाही." मलाही ते पटलं. पाटीलबाई पहिल्या दिवशी डोळे मिटून देवाचं नाव घेत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सेल्फी काढत. काकूंचा प्रश्न एकच होता, "याची घरी कोण वाट बघतंय?" सुरुवातीला बसमध्ये देखरेखीला एक मुलगी असायची, तोवर तिच्या आईच्या भरवशावर त्या बसल्या. पुढे मुलगीही यायची थांबली आणि काकूंचं द्वारकेला जाणं सुटलं.

बरेच दिवस दिसल्या नाहीत म्हणून मी त्यांची बेल वाजवली. भर दुपारी गाऊनवर, केससुद्धा विंचरलेले नाहीत. मी चिडवलं, "एवढं घाबरता होय त्या यंत्राला?"

"घाबरत नाही गं. चढताना दोन शब्द बोलायला माणूस होता. उतरताना 'येते' म्हणायला होता. आमचे हे गेल्यापासून घरातून निघताना कुणाला म्हणू? कुलपाला?"

भिंतीला भिंत लागून राहते मी, आणि हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. फार वाईट वाटलं. म्हटलं, "माझी बेल वाजवत जा."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच बेल वाजली. दारात काकू, इस्त्रीची साडी, हातात पिशवी.

"येते हं."

"या. सावकाश."

एरवी तासाभरात परतणाऱ्या काकूंचा पत्ता नाही. यंत्राचे गोडवे गाणारी मी, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कुकर बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. शेवटी कोपऱ्यावर बस थांबली. काकू उतरल्या, रस्ता ओलांडून आमच्या गॅलरीखाली आल्या आणि मेथीची जुडी हलवत म्हणाल्या,

"सडाफटिंग आहे मेला. पण चढतानाच बजावलं त्याला, दमानं हाक बाबा, माझी घरी वाट बघतात."