चार खुर्च्या, सोळा पाय

पुंडलिकरावांनी स्टील प्लांटमध्ये फिटर म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली होती. त्यामुळे जगात जे जे हलतं ते ते आपण घट्ट करू शकतो, असा त्यांचा ठाम विश्वास होता! सेक्टर सहामधल्या त्यांच्या क्वार्टरातल्या चारही सागवानी खुर्च्या मात्र डुगडुगत होत्या, आणि रविवारी कोहक्याहून रामाजी येणार होते.

पुंडलिकरावांची लेक नूतन आणि रामाजींचा मुलगा पराग यांनी एकमेकांना केव्हाच पसंत केलं होतं. अडलं होतं फक्त रामाजींच्या होकारावर. माणूस भला, पण दोनदा येऊन, पोटभर खाऊन, "सांगतो इचार करून" म्हणून निघून गेलेला!

"सुताराले बोलवा," पंचफुलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मागच्या खेपेले रामाजी जीव मुठीत धरून बसले होते."

"सुतार कावून? मी टना-टनाच्या मशिनी खोलून राहिलो, अन् ह्या खुर्च्या किस खेत की मूली?"

शनिवारी सकाळी चारही खुर्च्या खोलल्या गेल्या. सोळाच्या सोळा पाय अंगणात, एकाच ढिगात!

"अवो, कोन्ता पाय कोन्त्या खुर्चीचा, खूण तरी करा!"

"खूण कायले? प्लांटमधी एका मापाचा नट कोन्त्याही बोल्टले बसते!"

पण या खुर्च्या बाईंच्या माहेरच्या सुतारानं हातानं घडवलेल्या. प्रत्येक पाय त्यानं ज्याच्या त्याच्या भोकापुरता तासलेला. आता एक पाय शिरेना, दुसरा भोकात गरागरा फिरे! शिरेना त्याला पुंडलिकरावांनी हातोडा दिला, फिरे त्याला फेविकॉल पाजलं आणि वरून दोरीनं करकचून आवळलं.

रविवारी दोऱ्या सोडल्या. सांधे असे पक्के, की कुरकुरण्याचं नाव नाही! फक्त प्रत्येक खुर्चीचा एक पाय हवेत होता.

रामाजी परागला घेऊन आले, बसले. चहा झाला. पुंडलिकरावांनी धीर करून विचारलं, "मंग रामाजी, पोरगी पसंत हाय नं?"

रामाजींनी नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि खुर्ची पुढे कलली. त्यांची मान थेट छातीपर्यंत लवली!

"पापा ने हाँ कर दी!" पराग ओरडला.

"इचार..." म्हणेपर्यंत पंचफुलाबाईंनी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला.

"दिवाळीनंतरचा मुहूर्त धरू?" पुंडलिकरावांनी घाईनं विचारलं. सावरायला गेलेले रामाजी पुन्हा पुढे! आणखी एक होकार!

नूतनला हसू आवरेना. होणारी सून म्हणून लाजायचं सोडून ती पोट धरून हसत होती. तिच्याकडे बघता बघता रामाजींनाही हसू फुटलं. पेढा गिळून ते म्हणाले, "बरं बाप्पा! हो! आता तोंडानं सांगतो, हो!"

पुंडलिकरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

निघताना रामाजींनी त्यांचा हात हातात घेतला. "व्याही, ह्या खुर्च्या कोन्या सुतारानं दुरुस्त केल्या?"

"सुतार कायले? म्या सोताच!" पुंडलिकरावांची छाती फुगली.

"अस्सं?" रामाजी म्हणाले. "मंग लग्नाचा मांडव तेवढा दुसऱ्या कोनाकडून बांधून घ्या!"