डोंगराला नोटीस

गावाच्या तीन बाजूंना डोंगर होते आणि चौथ्या बाजूला वीटभट्ट्या. उन्हाळ्यात वारा सुटला की तो गावाचा धूर उचलून शेजारच्या गावावर नेऊन टाकी. पावसाळ्यात धूर धुऊन नदीत जाई. त्याबद्दलही कोणाची तक्रार नसे, कारण मासे अर्ज करत नाहीत. पंचाईत होई ती थंडीत. थंड हवा डोंगरउतारावरून खाली येऊन गावात ठाण मांडी, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसे आणि भट्ट्यांचा, मोटारींचा, जळत्या कचऱ्याचा धूर आतल्या आत शिजत राही.

या धुरावर लक्ष ठेवायला नगरपालिकेने एक अधिकारी नेमले होते. गाव त्यांना हवासाहेब म्हणे. पालिकेच्या गच्चीवर त्यांचं यंत्र होतं आणि चौकात फलक. यंत्र जे मोजी, ते फलकावर झळके. यंदाच्या थंडीत फलक इतका लालभडक झाला की अध्यक्षबाईंनी हवासाहेबांना बोलावून घेतलं.

"हे असं का होतं?"

हवासाहेबांनी बाईंच्या चहाच्या कपावर बशी पालथी घातली. "कप म्हणजे आपलं गाव. कपाच्या कडा म्हणजे डोंगर. बशी म्हणजे वरची उबदार हवा. आता वाफ जाईल कुठे?"

"म्हणजे चूक डोंगराची."

"डोंगर निमित्त, बाई. धूर आपला आहे."

"धूर मतदारांचा आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "डोंगराला मत नाही. त्याला नोटीस काढा. आणि माझ्या चहावरची बशी काढा."

नोटीस निघाली. 'आपण सार्वजनिक वाऱ्यास अडथळा करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा मुदतीत सादर करावा.' शिपायाने ती पायथ्याच्या दगडावर डकवली. डोंगराने खुलासा केला नाही. मुदत संपल्यावर पालिकेच्या समितीने एकतर्फी निर्णय घेतला: डोंगर हलवणे खर्चाचे असल्याने यंत्र हलवावे.

यंत्र डोंगरमाथ्यावर गेलं. तिथे, झाकणाच्या वर, हवा लख्ख होती. फलक हिरवागार झाला. लोक रुमालाने नाक दाबून त्याच्यापुढे उभे राहिले आणि फोटोपुरता रुमाल खाली घेऊ लागले.

हवा उत्तम ठरल्यावर पुढचं ओघानेच आलं. कचरा जाळण्यावरची हिवाळी बंदी निरर्थक ठरून उठली. भट्ट्यांना रात्रपाळी मिळाली. शाळेने मुलांना पहाटे मैदानात पळवायला सुरुवात केली. दवाखान्यांना परिपत्रक गेलं, की खोकल्याचं कारण 'हवा' असं लिहू नये, 'वैयक्तिक' असं लिहावं.

हवासाहेबांच्या वडिलांचा खोकला अशा रीतीने वैयक्तिक झाला. दादांनी उभा जन्म बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली होती. निवृत्तीनंतरही संध्याकाळी ते चौकाकडच्या खिडकीत बसून एखादी धून वाजवत. आता दुसऱ्याच सुराला धाप लागे. मग ते क्लॅरिनेट मांडीवर आडवी ठेवून नुसतेच बसत.

"दादा, आज वाजवलं नाहीत?"

"हवा उत्तम आहे ना रे? मग ती माझ्या छातीत का जात नाही, तेवढं तुझ्या यंत्राला विचार."

"यंत्राला कशाला?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "त्याचे साहेब बसलेत की समोर."

हवासाहेबांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते जीप घेऊन वर गेले, यंत्र खाली आणलं आणि भर चौकात उभं केलं. नोकरी गेली तरी बेहत्तर, असं ते आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःशी म्हणाले. बघता बघता फलक लाल झाला. गर्दी जमली. हवासाहेब आभार स्वीकारायच्या तयारीने ताठ उभे राहिले.

"साहेब, हा काय प्रकार?" त्यांचे शेजारी खोकत म्हणाले.

"खरा आकडा आहे."

"खरा असेल हो! पण आमच्या मुलाची जागा विकायला काढलीय. गिऱ्हाईक याच रस्त्याने येणार."

मुख्याध्यापकांनी शाळेच्या जाहिरातीत हिरवा फलक छापला होता. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की खोकल्यापेक्षा धास्ती वाईट. मग गर्दीतून वाट काढत बायको पुढे आली. आता तरी कोणी आपल्या बाजूचं आलं, असं हवासाहेबांना वाटलं.

"अहो, डॉक्टर म्हणतात, दादांना डोंगरावर राहायला न्या. वर घर घ्यायचं तर खालचं विकायला नको? या लाल फलकाखालचं घर कोण घेणार?"

हवासाहेबांनी फलकाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग जीपची मागची फळी उघडली. यंत्र चढवायला अख्खी गर्दी धावली.

घर लगेच विकलं गेलं. घेणारं जोडपं तरुण होतं. बाईच्या कडेवर बाळ होतं, आणि त्याचा श्वास चार हातांवरून ऐकू येत होता.

"याला दमा आहे," बाळाचे वडील म्हणाले. "म्हणून मुद्दाम हेच गाव निवडलं. हवा खरंच चांगली आहे ना हो इथली?"

हवासाहेबांनी किल्ली पुढे केली. "फलकावर आहे बघा."

दोघांनी खिडकीतून पाहिलं. फलक हिरवा होता. त्यांचा जीव भांड्यात पडला. यंत्र कुठे ठेवलंय, हे काही त्यांनी विचारलं नाही. तुम्ही तरी तुमच्या गावात कधी विचारलंय?