पिकाचा अडथळा

अनुदान देणं सोपं असतं, ते घेण्यालायक माणूस सापडणं अवघड. म्हणून सरकार तपासणी ठेवतं, आणि तपासणी म्हटली की फोटो आलाच.

एरंडोल आणि अमळनेरच्या मधल्या एका खेड्यातल्या भटूनानांनी हे समजून न घेताच ठिबक बसवलं, ही त्यांची पहिली चूक. दुसरी चूक अशी की, ते खरोखर बसवलं. त्यासाठी दुभती म्हैस विकली, दोन एकर कपाशीत नळ्या अंथरल्या आणि अर्जाला पावती जोडून वाट पाहत बसले. घरातला चहा काळा झाला. पण कपाशी कमरेला लागली होती, म्हणून बायको बेबाबाई गप्प होती.

तीन महिन्यांनी तपासणीचे साहेब आले. बांधावरूनच मोबाइल धरून ते आधी डावीकडे झुकले, मग उजवीकडे.

"संच कुठे आहे?"

"खाले शे ना साहेब, कपाशीना बुडमा. पानी बी टपकी ऱ्हायनं."

"तीच अडचण आहे. पिकामुळे संच दिसत नाही."

"मंग काय करू?"

"पीक काढा."

साहेबांचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. (संच दिसावा असं नियमात आहे, पीक दिसावं असं कुठेही नाही.) अर्जावर शेरा पडला : 'पिकाचा अडथळा.'

"फोटो काढनाच व्हई ते इकेल म्हैसना काढा म्हना!" बेबाबाई बांधावरून ओरडली. तिच्या हातात विळा होता, त्यामुळे साहेबांनी पुढचं पाहणीकार्य गाडीत बसून पूर्ण केलं.

नानांनी तालुक्याला तीन चकरा मारल्या. चौथ्या चकरेत नळ्यांचे दुकानदार कुंदनशेठ भेटले. दुकानामागे त्यांचं अर्धा एकर खडकाळ रान. काडी उगवत नसे. तिथे कोरा करकरीत संच कायम अंथरलेला, आणि शेजारी शेतकऱ्याचं नाव खडूनं लिहायचा फलक. त्या वर्षी त्रेचाळीस शेतांची तपासणी तिथेच निर्विघ्न पार पडली होती. (त्रेचाळीस शेतं एकाच अक्षांश-रेखांशावर कशी, हे संगणकाला दिसत होतं, पण संगणकाला खुलासा मागण्याचे अधिकार अद्याप दिलेले नाहीत.)

"पन हाई मनं वावर नही," नाना म्हणाले.

"नाना, तुमच्या वावरात संच खरा आहे ना?"

"शे."

"मग यात खोटं काय? फक्त जागा बदलली."

टोपी सारखी करून नाना फलकाशेजारी उभे राहिले. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच, शेतकरी म्हणवून घ्यायची त्यांना लाज वाटली.

तेच साहेब आले. त्यांनी ओळख दाखवली नाही. नळ्या पाहून मात्र ते प्रसन्न झाले. "असं ठेवावं शेत!"

अकराव्या दिवशी पैसे जमा झाले. रानाचं भाडं, फलकाचं भाडं आणि खडू वजा जाता म्हशीऐवजी एक शेळी आली.

पुढे तो फोटो खात्याच्या रंगीत पुस्तिकेवर छापून आला. वर आभाळ, खाली नळ्या, मध्ये नाना. हिरवं म्हणावं तर पानसुद्धा नाही. शहरात हजारो लोकांनी ती पुस्तिका चाळली. 'पीक कुठाय?' असं एकानंही विचारलं नाही. 'यांना सगळं फुकट!' असं मात्र बहुतेकांनी म्हटलं.

त्यात तुम्ही नव्हता, हे आम्ही मान्य करतो. खुलासा नको. फक्त एक फोटो जोडा.