परबांचा ओटा

कुणाच्याही घरी गेले की परब आधी खिशातली स्टीलची पट्टी काढत आणि मग पायातल्या चपला. पाणी येईपर्यंत खिडकीची उंची घेऊन झालेली असे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आईला सांगितलं, की जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. त्या पायरीवर आई रोज अडखळायची आणि दोष बाबांनी आणलेल्या चपलांना द्यायची. परबांमुळे बाबा एकदाचे निर्दोष सुटले.

अंधेरीच्या एका पॉलिटेक्निकात आम्ही संध्याकाळी सिव्हिलचा डिप्लोमा करत होतो. मी विशीतला, परब चाळिशी ओलांडलेले. दिवसा ते एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात आणि संध्याकाळी माझ्या बाकावर. डिप्लोमा झाला की ते सुपरवायझर होणार होते. त्याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका त्यांना कशाचीच नसे.

‘‘पुस्तकात काय आसा?’’ हा त्यांचा लाडका प्रश्न. पुस्तकात उंची दिलेली असली की विषय संपला. कँटीनचं बाकडं चुकलेलं, वर्गातला फळा चुकलेला. एका वर्गमित्राच्या लग्नात अक्षता पडत असताना हा गृहस्थ स्टेजच्या पायऱ्या मोजत होता. आहेर देताना नवरदेवाला म्हणाला, ‘‘पायऱ्यो सोडल्यास तर सगळा झकास.’’

दुसऱ्या वर्षी कदमसरांनी घराचा नकाशा काढायला दिला. परबांना नुकताच चारकोपला प्लॉट लागला होता, म्हणून त्यांनी स्वतःचंच घर काढलं. शीट इतकी देखणी, की सर मान डोलवत बघत होते. स्वयंपाकघराशी सरांची पेन्सिल थांबली. ओटा पुस्तकातल्या उंचीपेक्षा चांगला वीतभर बुटका होता. दुरुस्त करा, नाहीतर सही मिळणार नाही, असं सरांनी बजावलं. शीटवर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे.

एका रेघेचं काम होतं. मी खोडरबर पुढे सरकवला, परबांनी तो परत माझ्याकडे सरकवला. मला त्यांचा रागच आला. घर हवं तसं बांधा, इथे पुस्तकातलं काढा, असं मी कुजबुजलोसुद्धा.

‘‘जेवाण ती करतली, सर,’’ परब शांतपणे म्हणाले. ‘‘पुस्तक नाय.’’

मग कळलं. कांदिवलीच्या त्यांच्या भाड्याच्या खोलीतला ओटा उंच होता. लग्न होऊन आल्यापासून त्यांची बायको पाटावर उभी राहून भाकऱ्या थापत होती. एकदा तापलेल्या तव्यासकट खाली आली होती.

सरांनी वहिनींची उंची विचारली. परबांचा हात सवयीने पट्टीकडे गेला आणि तिथेच थांबला.

‘‘मोजूक नाय कधी,’’ ते म्हणाले. मग त्यांनी तळहात स्वतःच्या छातीशी, खिशाच्या जरासा वर, आडवा धरला. ‘‘हयसर येता.’’

सर त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी सही केली. मी खोडरबर गुपचूप खिशात टाकला.

सुपरवायझर परबांच्या चारकोपच्या घरी मी गेलो, तेव्हा वहिनी ओट्याशी भाकरी थापत होत्या. पाय सरळ जमिनीवर. शेजारी परब चहाचे कप विसळत होते, आणि त्यासाठी त्यांना कमरेत पार वाकावं लागत होतं. पाठ दुखत असेल, मी म्हणालो.

‘‘दुखता ना,’’ परब मोठ्या समाधानाने म्हणाले.