आक्र्याला निघालेली कडक भाकरी

परदेशात लेकरू असलेले बाप सोलापुरात गल्लीगणिक सापडतील. पण ज्याची लेक थेट घाना देशाच्या राजधानीत, आक्र्यात इंजिनीअर आहे, असा बाप शहरात एकच, आणि तो मी!

ही घोषणा मी नवी पेठेत, बापूसाहेबांच्या कापडदुकानात, भर गिऱ्हाइकात केली. बापूसाहेबांनी हातातली मीटरपट्टी खाली न ठेवता विचारलं, "आक्रा म्हंजी मोहोळच्या अलीकडं का पलीकडं?"

"आफ्रिकेच्या पश्चिमेला! समुद्रकाठी!"

"अरारा! आमचा पृथ्वीराज अमेरिकेत हाय. तुमी पोरीला तिकडं धाडली? तितं खाती काय ती?"

हा प्रश्न मला वर्षभर छळतो आहे. दिपालीला तिकडची नोकरी लागली तेव्हा झाडून सगळे नातेवाईक आडवे पडले होते. एकटा मी म्हणालो होतो, "जाऊ द्या तिला. जबाबदारी माझी!" तेव्हापासून ती पोटभर जेवते की नाही, हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न होऊन बसला आहे.

नेमका त्याच संध्याकाळी दिपालीचा फोन आला. बोलता बोलता आईला म्हणाली, "इथं एक फ्लॉवर घ्यायचा ना, तेवढ्या पैशात आपलं सगळं घर गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून, भजी खाऊन रिक्षानं परत येईल!"

फोन ठेवताच तिच्या आईने, म्हणजे आमच्या वच्छलाने, डोळ्याला पदर लावला. "माजी पोरगी उपाशी हाय वो!"

"अगं, फ्लॉवर महाग आहे म्हणाली ती."

"फ्लॉवर एवढा म्हाग, तर बाकीचं काय असंल?"

सकाळीच मी गोजाबाईकडे गेलो. गोजाबाईची कडक भाकरी म्हणजे आमच्या गल्लीची शान! सहा महिने टिकते, आणि वेळ पडली तर गटारीवर झाकण म्हणूनही बसते.

"कुटं धाडायची म्हंता?"

"आफ्रिकेला."

"आगं बया! तितं दुकाळ पडलाय व्हय?"

मी "तसं नाही, थोडी महागाई..." म्हणेपर्यंत ती तीन घरं पुढे पोचली होती. पहिल्या घरात फ्लॉवर महाग होता. दुसऱ्यात भाजीच मिळत नव्हती. गल्लीच्या टोकाला पोचेस्तोवर माझी इंजिनीअर लेक झाडपाला खाऊ लागली होती!

मग काय! शेंगाचटणीचे डबे आले, सांडगे आले, पापड आले. कुणीतरी वांगीसुद्धा आणली. खुद्द बापूसाहेब दोन सोलापुरी चादरी घेऊन हजर.

"बापूसाहेब, आक्र्यात बारा महिने घाम येतो हो!"

"मग घाम पुसायला हुतील की!"

हा सगळा ढीग नेणार कोण, तर गल्लीतला सोमशेखर. तो कंपनीच्या कामासाठी आक्र्यालाच निघाला होता. ढीग बघून त्याचा चेहरा सोललेल्या लसणासारखा पांढरा पडला.

"आप्पा, मला माझे कपडेपण न्यायचेत."

"महिन्याभराला माणसाला कपडे लागतात किती, रे?"

तो निघायच्या दिवशी मंडळाच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला: 'घाना देशाला सोलापूरचा मदतीचा हात!' त्यावर गॉगल घातलेला मी, हात जोडून. खाली तीन ओळी शुभेच्छुक. दिपालीचा फोटो शोधावा लागत होता. बापूसाहेब नारळ फोडणार, इतक्यात तिचाच व्हिडिओ कॉल! पोरांनी हौसेने माझा फोन लाउडस्पीकरला जोडला.

"आप्पा!" सगळा चौक दचकला. "आधी तो फ्लेक्स उतरवा! त्याचा फोटो माझ्या ऑफिसात पोचलाय!"

"अगं, पण तू उपाशी..."

"कोण उपाशी? फ्लॉवर विमानानं येतो, म्हणून महाग. बाहेरून आलेलं खायला लागलं, की इथं पगार कापरासारखा उडतो. सुरुवातीला माझा उडालाच! मग आमच्या घरमालकीणबाई, आबेना आंटी, मला बाजारात घेऊन गेल्या. हे बघा!"

तिने फोन फिरवला. ताटात भाकरी! ज्वारीची! शेजारी शेंगांचा हा ढीग!

"ज्वारी इथंच पिकते, आप्पा. शेंगा तर म्हणाल तेवढ्या. आंटी शेंगदाण्याची आमटी करतात, मी चटणी कुटते. सगळी बिल्डिंग डबे घेऊन दारात उभी असते!"

मागून एक धिप्पाड, हसऱ्या बाई पुढे आल्या. त्यांनी भाकरीवर चटणी घेऊन मोठा घास घेतला आणि आमच्याकडे बघून अंगठा दाखवला. चौकात टाळ्याच टाळ्या!

गोजाबाई फोनच्या पडद्याला नाक लावून म्हणाली, "भाकरी गोल हाय गं! पापुद्राबी सुटलाय!"

या सर्टिफिकेटापुढे विद्यापीठाची पदवी काय करणार! माझी छाती अशी फुगली, की सदऱ्याचं वरचं बटण गेलं.

"बोला बापूसाहेब! तुमचा पृथ्वीराज अमेरिकेत काय खातो?"

बापूसाहेब नारळाकडे बघत पुटपुटले, "डबा फोडून कायतरी गार खातंय जणू."

मी माइक हातात घेतला. "सोलापूरकरांनो! मदत घेणारी नव्हे, चार घरं खाऊ घालणारी लेक आहे ही! मी म्हणालो होतो ना, जबाबदारी माझी! आता साऱ्या आफ्रिकेला जे काही लागेल..."

तेवढ्यात वच्छलाने फोन ओढून घेतला. लाउडस्पीकर चालूच होता.

"दिपे, सोमशेखर माघारी येताना त्याच्याजवळ पायलीभर ज्वारी दी की! हितं लई म्हाग झालीया!"