भटूनानांचं जेट

विमान दिसलं की भटूनाना आधी ते ठोकून बघायचे. आपण कलिंगड बघतो तसं. बोटांच्या पेरांनी पोटावर टकटक, मग कान लावायचा, मग डोळे मिटायचे, आणि मग निकाल: "पत्रा बरा आहे. पण यात ताके किती बसतील?"

ज्या विमानानं लढाई मारली, ज्याच्यापुढे शाळेची पोरं सलाम ठोकून उभी राहतात, त्याच्या पोटात कापडाचे ताके किती मावतील एवढाच नानांचा प्रश्न. संग्रहालयाचा चौकीदार धावत यायचा. दिल्लीत शिट्टी फुंकत आला, गोव्यात दांडकं घेऊन आला, आणि एका ठिकाणी, खोटं सांगत नाही, चौकीदाराबरोबर त्याचं कुत्रंही आलं आणि नानांकडे बघून तेच लाजलं. अहमदाबादच्या चौकीदाराशी तर नातंच जुळलं होतं. तो लांबूनच ओरडायचा, "ओ काका, अडवानुं नथी!" गुजरातीत अडणं म्हणजे हात लावणं. नानांची हयात सुरतेत गेलेली, त्यांना हे पक्कं ठाऊक. पण चेहरा साळसूद करून म्हणायचे, "मी कुठं अडवतोय भाऊ? अडवतोस तर तू!"

गेल्या दिवाळीपासून नानांनी एकही विमान ठोकलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

नाना सुरतेच्या पांडेसऱ्यात माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. गाव दोंडाईच्याकडचं, नोकरी रंगाच्या मिलमध्ये, जेट ऑपरेटरची. आता जेट म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथंच आहे. कापड रंगवायच्या यंत्राला मिलमध्ये जेट म्हणतात. पोलादाचं लांबुळकं पिंप, आडवं पडलेलं. आत उकळता रंग, त्यात कापड दोरासारखं गरगर फिरत असतं आणि कुकरसारखी वाफ कोंडलेली असते. झाकण वेळेआधी उघडलं तर ऑपरेटर उडतो. बाकी या जेटचा उडण्याशी काही संबंध नाही.

नानांचे हात रोज वेगळ्या रंगाचे. नवरात्रात आमच्या गल्लीतल्या बायका आजचा रंग कुठला ते मोबाइलवर बघत नाहीत, नानांच्या बोटांकडे बघतात. मी सुरतेतच, पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात आहे. रंग जाणार नाही, असं दिवसभर शपथेवर सांगतो. संध्याकाळी घरी येऊन नानांशी हात मिळवतो आणि माझा हात जांभळा होतो.

त्यांचं तत्त्वज्ञान एकच: "आधी प्रेशर उतरू द्या, मग झाकण उघडा." काकू रागावल्या, जावई रुसला, गल्लीत पाण्यावरून भांडण पेटलं, सगळ्यावर हाच उतारा. माझं पोट बिघडलं तेव्हाही नाना हेच म्हणाले होते, आणि तेव्हा फार बरोबर होतं.

तरणेपणी नाना हेल्परचे ऑपरेटर झाले. आनंदाच्या भरात त्यांनी गावच्या दुकानात फोन लावून आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "माय, मी आते जेट चालाडस!" मायनं फोन ठेवला, ओट्यावर आली आणि गावाला सांगितलं, माझा भटू विमान चालवतो.

नाना पुढच्या सुट्टीला गावी गेले ते खरं सांगायलाच. तर वेशीवर डफ वाजत होता आणि माय आरतीचं ताट घेऊन पुढं उभी. आता एवढ्या प्रेशरमध्ये झाकण कोण उघडणार?

तेव्हापासून आभाळातलं प्रत्येक विमान मायनं मुलाच्या नावावर करून टाकलं. दुबईचं असो की दिल्लीचं, घरघर ऐकू आली की ती पदर सावरत अंगणात यायची, मान वर करायची आणि हाक मारायची, "भटू, जेवना का रे?" जेवलास का, एवढंच. विमानांच्या घरघरीनं गावच्या कोंबड्या अंडी देईनात तेव्हा म्हातारी मंडळी नानांना फोन करून विनवायची, "भटू, जरा नदीपल्याडथून ली जाय ना भाऊ." शिकलेल्या पोरांना खरं काय ते कळलं होतं. पण मायपुढं तोंड उघडायची छाती कुणाची?

मायला मुलाचं विमान बघायचं होतं. ही संग्रहालयांची वारेमाप भटकंती त्यासाठी. रजा मिळाली की नाना कुठलं तरी जुनं विमान हुडकून काढायचे आणि फोटो काढायला मला ओढत न्यायचे. फोटोत कठडा नको, पाटी नको, चौकीदार तर मुळीच नको. नाना पंखाला हात लावून असे उभे राहायचे की खरा वैमानिकही म्हणाला असता, साहेब, किल्ली द्या. एकदा मायनं विचारलं, "दर सालले इमान बदलस का रे?" नाना म्हणाले, "प्रमोशन शे, माय."

एकदाच नाना काही न ठोकता उभे राहिले, ते अहमदाबादच्या संग्रहालयातल्या रॉकेटपुढे. ते रॉकेट एवढं उंच की पांडेसऱ्यातल्या मिलची चिमणी त्याच्यापुढे उदबत्ती वाटावी. वर बघता बघता माझ्या मानेतून आवाज आला. नाना बराच वेळ बघून म्हणाले, "हे तर आपलंच जेट. फक्त उभं केलंय." मग खाली वाकून त्याचं तोंड दाखवलं. "बघा. यानं प्रेशर उतरू दिलं नाही, तसंच झाकण उघडलं, म्हणून वर गेलं. आपण उतरवत बसलो, म्हणून खाली."

मी हसलो. नाना हसले नाहीत.

मग मायचे डोळे गेले. फोटो निकामी झाले. माय म्हणाली, आता हात लावूनच बघीन.

उन्हाळ्यात नानांनी तिला सुरतेला आणलं आणि आम्ही तिघं अहमदाबादला गेलो. माय लहानखुरी, कपाळावर गोंदण, मुलाचं विमान बघायला निघाली म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसलेली. तोच चौकीदार, तेच विमान. त्यानं सवयीनं तोंड उघडलं. नानांनी त्या दिवशी कोटी केली नाही. हात जोडून एवढंच म्हणाले, "भाई, मारी बा छे. एने देखातुं नथी."

चौकीदारानं साहेबांच्या खोलीकडे बघितलं, मायकडे बघितलं, आणि दोरी बाजूला केली. "अडो, बा, अडो."

मायनं दोन्ही तळवे विमानाच्या पोटावर टेकले. म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. मग तिनं पत्र्याला नाक लावलं. वास घेतला. पुन्हा घेतला. आणि म्हणाली, "हाई तुनं नही." हे तुझं नव्हे.

नाना सुट्टीला घरी जायचे तेव्हा त्यांच्या अंगाला, सदऱ्याला, पिशवीतल्या खाऊलासुद्धा रंगाचा, ॲसिडचा आणि वाफेचा आंबूस वास असायचा. मायच्या लेखी विमानाचा वास तोच. या विमानाला नुसता धुळीचा वास होता.

"तुनं कथी शे?" तिनं विचारलं. तुझं कुठं आहे?

"मिलमा शे, माय." इतक्या वर्षांत नाना पहिल्यांदा खरं बोलले. मला वाटलं, आता काहीतरी कोसळणार.

"मंग तठे ली चाल," माय म्हणाली.

चालू मिलमध्ये आंधळ्या बाईला कसं न्यायचं? खाली उकळतं पाणी, वर वाफ. नानांनी तिला समजावलं, दिवाळीला ये, तेव्हा मिल बंद असते, जेट थंड असतं, हवा तेवढा वेळ हात लाव. मायला पटलं. म्हणाली, इमानालेबी सुट्टी पायजे.

दिवाळीच्या आत माय गेली.

फोन सकाळच्या पाळीत आला. नाना मिलमधून तसेच, निळ्या हातांनी स्टेशनवर आले. मी सोबत. ताप्ती लाईनची गाडी त्या दिवशी प्रत्येक बाभळीची विचारपूस करत चालली होती. गाव गाठेपर्यंत दिवस कलला. वेशीजवळ सगळं गाव उभं होतं, आणि सगळ्यांच्या माना वर. भटू येणार म्हणजे वरूनच येणार. म्हाताऱ्यांनी मोकळ्या वावरातली बैलगाडी ओढून बाजूला घेतली होती, उतरायला अडचण नको. ज्या पोरांना खरं ठाऊक होतं, तीही वर बघत होती. सगळं गाव वर बघत होतं आणि भटूनाना खालून आले, रिक्षातून.

एक म्हातारा पुढं झाला, नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ढग व्हतात ना, भटू."

नानांनी हो म्हणून मान हलवली. ढग होते. त्या दिवशी आभाळ धुतल्या ताटासारखं स्वच्छ होतं.

नाना रडले नाहीत. जाळापाशी नाही, दहाव्याला नाही, परतीच्या गाडीत नाही. काकू घाबरल्या. मी म्हणालो, प्रेशर उतरू द्या.

दिवाळीत पांडेसरा ओस पडतो. सगळे गावी, चिमण्या थंड. नाना त्या वर्षी गेले नाहीत. पाडव्याला सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून माझ्या दारात आले. "चला. जेट दाखवायचं आहे."

मी चपला पायात सरकवल्या.

वॉचमननं आम्हाला आत सोडलं. एरवी कानठळ्या बसवणारी ती मिल, आणि आता कुठंतरी एक नळ ठिबकत होता. जेट ओळीनं आडवी पडलेली. नानांनी आपल्या जेटवर तळवा ठेवला. ठोकलं नाही. प्रेशरचा काटा बघितला. "उतरलंय," म्हणाले, आणि झाकण उघडलं. आतून तो आंबूस वास आला.

नानांनी डोकं आत घातलं आणि ओरडले, "माय, जेवनी का वं?"

आवाज पोलादी नळीतून फिरत गेला, कापड फिरतं तसा, आणि फिरून तोंडाशी आला. नानांनी डोकं बाहेर काढलं नाही. त्यांची पाठ हलू लागली.

मी झाकण धरून उभा राहिलो.